गाँगपुढची कॉफी

नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या बायकोला नोकरी करता येत नसे. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं, मिनेसोटातलं विद्यापीठाचं गाव आणि पाच महिने बर्फ. नवरा पीएचडी करत होता, म्हणजे लॅबमध्ये राहत होता आणि घरी जेवायला येत होता. मी दिवसभर घरात चिडचिड करायचे आणि ती ऐकायलाही कोणी नसायचं. संगीत विभागात जावा बेटावरची वाद्यं फुकट शिकवतात, कोणीही या, असा कागद मी लाँड्रीच्या भिंतीवर वाचला आणि गेले. कलेची ओढ वगैरे काही नव्हती. तिथली खोली आमच्या घरापेक्षा गरम होती.

शिकवणारे साठीचे गृहस्थ जावाचेच. सगळे त्यांना बापाक म्हणत. त्यांच्याकडे वडिलांना आणि वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात. चामड्याच्या बाहुल्यांची सावली पडद्यावर पाडून महाभारत सांगायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. पहिल्याच दिवशी मी त्यांचा ओरडा खाल्ला. काशाची वाद्यं जमिनीवर दाटीनं मांडलेली होती, मला कोपऱ्यात जायचं होतं, म्हणून मी मधला ढोल ओलांडला.

"वाद्य ओलांडायचं नाही," ते उभे राहून म्हणाले. "वळसा घाल." मग जरा मवाळ झाले. "आजोबा झोपलेत असं समज. आजोबांना ओलांडशील का?"

मला हे तात्काळ पटलं. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं आम्ही. मनात म्हटलं, ही तर आपलीच मंडळी. माझं चुकायला सुरुवात झाली ती तिथेच.

खोलीच्या मागच्या बाजूला, लाकडी चौकटीला परातीएवढा काशाचा गाँग टांगलेला होता. त्याला आपल्या 'बुवां'सारखी आदराची पदवी होती, आणि बापाकांच्या गावी धर्म शिकवणाऱ्या मौलवींनाही तीच. खेळाच्या दिवशी बापाक त्या गाँगखाली, पडद्याआडच्या अंधारात, एक बशी ठेवत. फुलं, मूठभर तांदूळ, एक केळं. शेजारी बिनदुधाच्या कॉफीचा कप आणि एक उदबत्ती. मग पडद्यापाशी मांडी घालून, पहिली बाहुली उचलण्याआधी, 'बिस्मिल्ला' म्हणत. शुक्रवारी नमाजाला जात, रोजे धरत. हे सगळं मी डोळ्यांनी पाहत होते. पण मी कॉफी आणि उदबत्ती तेवढी लक्षात ठेवली आणि बाकीचं सोडून दिलं.

महाभारतावरून आमची रोज खडाजंगी. त्यांच्या महाभारतात द्रौपदी एकट्या धर्मराजाची बायको. मी म्हटलं, हे चूक आहे, तिला पाच नवरे होते. ते पोट धरून हसले. "तुमच्याकडून येताना गोष्ट बोटीत सुधारली असेल," म्हणाले. त्यांच्या धर्मराजाकडे शस्त्र नव्हतं, एक लिहिलेला कागद होता. त्यावर कलमा लिहिलेला आहे, असं त्यांच्याकडे मानतात. धर्मराजाला तो वाचता येत नव्हता. सगळे भाऊ गेले तरी त्याला मरण येईना. शेवटी एक मुसलमान संत भेटला, त्यानं तो कागद वाचून दाखवला, तेव्हा कुठे तो सुटला. हे सांगताना बापाकांचा आवाज खाली आला होता. मला मात्र ते नंतर चिकटवलेलं ठिगळ वाटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी जन्मभर दुसऱ्यांना लावत आले.

त्यांना एकच मुलगी, आमच्याच विद्यापीठात केमिस्ट्री शिकणारी. आई लहानपणीच गेलेली. आठव्या वर्षापासून ती बापाच्या डावीकडे, बाहुल्यांच्या पेटीशी बसे. ते पडद्यावरची नजर न हलवता नुसता हात पुढे करत आणि हवी ती बाहुली हातात येई. दोघांत अक्षरही बोलणं नसे. ते बघत राहावंसं वाटे. मला माझ्या वडिलांशी असं काही कधीच जमलं नाही, त्यामुळे थोडा हेवाही वाटे.

त्या वर्षी तिनं डोक्याला रुमाल बांधायला सुरुवात केली. मलेशियातून शिकायला आलेल्या एका मुलाशी तिचं लग्न ठरत होतं. त्या मुलाचे आजोबाही सावल्यांचा खेळ करत. तिकडे खेळ मांडताना अदृश्य शक्तींना घास ठेवण्याची रीत होती. आता गावातले लोक म्हणत, हे धर्मात बसत नाही, आणि नातवालाही तसंच वाटे. खेळाला त्याची ना नव्हती. गोष्ट सांगा, पण वाद्यापुढे काही ठेवू नका, एवढंच त्याचं आणि त्याच्या मित्रांचं म्हणणं.

लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालताना तिनं मला हे सांगितलं. "बाबांना बशी ठेवल्याशिवाय हात चालत नाही. त्याला आणि त्याच्या मित्रांना ती बघवत नाही. बशी पडद्याआड राहिली, कोणी त्याबद्दल बोललं नाही, तर मी दोघांच्या मध्ये बसू शकते."

तिचं मागणं एवढंच होतं, आणि मला ते माहीत होतं.

दसऱ्याच्या सुमारास आमच्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम असे, एका शाळेच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. मीच बापाकांचा खेळ ठरवला. मंडळाच्या सेक्रेटरी काकू खूश झाल्या. "अगं, महाभारत म्हणजे आपलंच की. इंट्रो तू लिही, मी अनाउन्स करते. मुलांना पण कळू दे, यार."

मी दोन पानं लिहिली. शिवाय खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात, तशी वाद्यांची करावी, ही अक्कलही माझीच. आपल्या लोकांत कसला आलाय संकोच, असं मला वाटलं. बापाक मागे बाहुल्या लावत होते, तेवढ्यात मी चौघांना हाताशी धरून गाँग पडद्यापुढे आणवला. मधल्या उंचवट्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट ओढलं, झेंडूचा हार घातला. बशी आणि कॉफी आतून उचलून समोर मांडली. निरांजन ओवाळलं. काकूंनी माइकवर माझं वाचलं: हजार वर्षं झाली, राज्यं बदलली, पण या लोकांनी आपला हिंदू धर्म मनात जपून ठेवला आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या समोर आहे. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर शेवटच्या रांगेतल्या खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मुलीनं खेळाला बोलावलेला तो मुलगा आणि त्याचे मित्र उठून चालले होते. मुलगी पडद्याच्या कडेला उभी होती. तिनं गाँगकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पेटीचं झाकण उघडून बापासाठी नीट बाजूला ठेवलं आणि त्यांच्या मागोमाग निघून गेली.

बापाक बाहेर आले. हारबीर बघून मला म्हणाले, "मुली, मी मुसलमान आहे. माझे आजोबाही होते. तेही कॉफी ठेवायचे." आवाज चढला नव्हता. मग पडद्यामागे जाऊन बसले.

पेटीशी मी बसले, दुसरं होतंच कोण. त्यांनी हात पुढे केला की मी जी दिसेल ती बाहुली द्यायचे. अर्जुनाच्या जागी कर्ण दिला, द्रौपदीच्या जागी कोण दिली देव जाणे. ते चुकीची बाहुली परत करत आणि हात तसाच पुढे धरून ठेवत. तासाभराचा खेळ त्यांनी अर्ध्यात आटपला. लोकांना काही कळलं नाही. आमची पोरं केव्हाच चिप्सच्या टेबलाकडे पळाली होती.

घरी नवरा म्हणाला, "तुला पूजा अरेंज करायला सांगितलं कोणी होतं?" सोमवारी मी जाऊन गाँग पुसला. कुंकू गेलं, तेलाचा डाग राहिला. बापाकांची माफी मागितली. ते म्हणाले, ठीक आहे. मुलीला मी दोनदा चिठ्ठी लिहिली. तिचं उत्तर आलं नाही. ती वडिलांच्या घरून निघून मैत्रिणींकडे राहायला गेली होती, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

वसंतात विद्यापीठाचा वार्षिक खेळ होता. मी लवकर गेले. मुलगी दारात उभी होती, शेजारी तो मुलगा. सहा महिन्यांनी ती आली हे बघून मला रडू फुटायचं बाकी होतं. वाटलं, मिटलं सगळं.

आत गाँगखालची जागा झाडून स्वच्छ केली होती. बशी नाही, कप नाही. आमच्यातल्या एका अमेरिकन विद्यार्थ्यानं विचारलं, "बापाक, कॉफी आणू?"

"नको," ते म्हणाले. "वाद्य आहे ते. वाद्य कॉफी पीत नाही."

पडद्यामागचा दिवा लागत नव्हता. त्याचं बटण भिंतीपाशी होतं आणि मध्ये वाद्यं मांडलेली होती. बापाकांनी एकदा दाराकडे, मुलीकडे पाहिलं. मग लुंगीसारखा नेसलेला सरोंग किंचित वर धरला आणि वळसा न घालता ढोल ओलांडून पलीकडे गेले. दिवा लागला. तसेच ढोल ओलांडून परत आले आणि मांडी घालून बसले.

मी दाराकडे पाहिलं. त्या मुलाच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मुलीनं मान खाली घातली होती. थोड्या वेळानं ती आत आली. भिंतीच्या कडेकडेनं, एकेका वाद्याला वळसा घालत ती पेटीपर्यंत पोहोचली आणि वडिलांच्या डावीकडे बसली. त्यांनी हात पुढे केला. तिनं बाहुली दिली. त्यांनी बाहुलीकडे पाहिलं, ती परत केली आणि हात तसाच पुढे धरून ठेवला.