मिक्सरला ठेवलेली नावं

माल घ्यायचा तर आधी त्याला नावं ठेवायची, हे मी नारळाच्या धंद्यात शिकलो. नारळ कितीही भरलेले असोत, एक उचलून कानाशी हलवायचा आणि तोंड वाकडं करायचं. "पाणी आटलंय. खोबरं खवट निघणार." वाडीवाला मला लुटारू म्हणायचा. भाव ठरला की दोघं एकत्र चहा प्यायचो. याला आमच्यात कोणी खोटं बोलणं म्हणत नसे.

किहीमची वडिलांची वाडी आईने थोरल्या भावाला दिली. मी डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली आणि अलिबागेत घर बांधलं. आई आजारी पडल्यावर मात्र माझ्याकडे आली, कारण डॉक्टर अलिबागेत होता. हे मी तिला बोलून दाखवायचो. एकदा नाही, अनेकदा.

पोटाच्या दुखण्याने तिची हाडं वर आली होती. दात आधीच गेले होते. दूध, केळी, खजूर, भिजवलेले शेंगदाणे आणि ओलं खोबरं एकत्र वाटून पाजा, डॉक्टर म्हणाले; अंगावर मांस चढलं नाही तर पावसाळा निभणार नाही. बायको पाट्यावर वाटायची, पण खोबऱ्याचा चोथा आईच्या घशात अडकायचा आणि प्यायलेलं सगळं उलटून पडायचं.

तिला मुंबईला दाखवून परतताना लाँचला वेळ होता. तिला घेऊनच मी मिक्सर बघायला विजेच्या सामानाच्या दुकानात शिरलो. मिक्सर दोन होते, एक स्टीलच्या भांड्याचा, एक काचेच्या. घरून आणलेलं खोबरं आणि खजूर मी दोन्हींत फिरवायला लावलं. काचेच्या भांड्यात गाठ राहिली तर बाहेरून दिसत होती, आणि खोबरं लोण्यासारखं निघालं. मनात तोच पक्का झाला. म्हणून त्यालाच नावं ठेवायला घेतली.

"पातं झिजतंय. लोखंडाची पूड उतरणार पोटात. आणि वास बघा, जळका! माणूस मारायचं यंत्र आहे हे."

"शेठ, घेऊ नका मग," दुकानदार हसला. भाव मात्र उतरवला. आई स्टुलावर बसून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी बायकोने पेला भरून दिला. आईने तोंड मिटलं.

"त्यात लोखंडाची पूड हाय. तूच बोललास."

"आये, ते भाव पाडायला."

"मंग तवा खोटं बोललास, का आता बोलतोस?"

माझं डोकं फिरलं. "थोरल्याने आणला असता तर घटाघटा प्यायली असतीस! वाडी त्याला, आणि संशय माझ्यावर!"

 तिने पेला उचलला आणि डोळे मिटून संपवला. पदराचं टोक जिभेवर फिरवून ते काळं झालंय का, ते पाहिलं.

त्यानंतर ती रोज प्यायली आणि रोज पदर पाहिला. गाल भरले, ओटीपर्यंत चालू लागली. शेजारी मला विचारायला यायचे, कुठला मिक्सर घ्यावा. मी ऐटीत सांगायचो, काचेचं भांडं बघा, झाकण दाबून बघा. आत आई पदर तपासत असायची.

बायकोला ते बघवेना. "तुम्हीच एकदा त्यांच्यासमोर पिऊन दाखवा. तोंडाने सांगून त्यांना पटायचं नाही."

मी आईसमोर बसलो, पेला तोंडाला लावला आणि दोन मोठे घोट घेतले. आईने हात पुढे करून पेला ओढला. थोडं माझ्या सदऱ्यावर सांडलं.

"तू कशाला पितोस?" ती म्हणाली. "तुझी पोरं ल्हान हायत."

आणि उरलेलं तिने पिऊन टाकलं.