काडी खोचलेली लीद

सिनेमावाल्यांना लंग फूशान हवा होता तो त्याच्या सुरुंगांसाठी. त्याच्या तोंडाकडे बघून त्याला कुणी पडद्यावर घेतलं नसतं. मोपानगौ गावचा तो पाथरवट. जाती घडवायची, गुळगुळीत झालेल्या जात्यांना टाकी लावायची, थडग्यांवर नावं कोरायची, हा त्याचा धंदा. पण जपान्यांशी लढाई चालू होती तेव्हा याच माणसाने दगडाचे सुरुंग केले होते. लोखंड आणणार कुठून? दगड मात्र चीनच्या शान्तुंगमधल्या त्या डोंगरात पैशाला पासरी. कलिंगडाएवढा धोंडा घ्यायचा, मधोमध मनगट जाईल एवढं भोक पाडायचं, आत काळी दारू ठासायची, वर पातळ फळी आणि फळीवर माती. पाय पडला की फळी दबायची, आतला आगकाडीचा गुल घासला जायचा आणि धोंडा फुटायचा, माणसासकट.

लढाई संपून एकोणीस वर्षं झाल्यावर, १९६४ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला, दिग्दर्शक थान दोन ट्रक आणि चाळीस माणसांचं लटांबर घेऊन गावात उतरला. मोपानगौच्या शौर्यावर सिनेमा काढायचा होता. गावकऱ्यांनी गावकरी व्हायचं, आणि भुतंही गावातूनच उभी करायची. जपान्यांना त्या भागात कुणी जपानी म्हणत नसे, भुतंच म्हणत. तो खाकी गणवेश अंगावर चढवायला एक पोरगा तयार होईना. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. एक जण हौसेने गणवेशातच घरी जेवायला गेला, तर आजीने दारातच लाटण्याने त्याचं टाळकं फोडलं. चार टाके पडले. गावाने म्हातारीला दोष दिला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही देत नाही.

पहिल्याच दिवशी फूशानने पेंढ्याची अकरा भुतं उडवली. थान खूश झाला, पण त्याचं समाधान होईना.

"अजून उंच, लंग कॉम्रेड! पाय वेगळे झाले पाहिजेत, आभाळात गेले पाहिजेत!"

"पाय आभाळात जात नाहीत," फूशान वात वळता वळता म्हणाला. "बाजूला जातात."

थान हसला. त्याला वाटलं, खेडूत विनोद करतोय.

सिनेमाचा मुख्य प्रसंग होता फूशानच्या बापाचा. कथा अशी लिहिलेली: भुतं गावकऱ्यांना संगिनीच्या टोकावर पुढे घालून घळीतून चालवतात. वाटेत सुरुंग पेरलेले. लीद गोळा करणारा एक म्हातारा सुरुंगाची खूण ओळखतो, लीद उचलायच्या बहाण्याने भुतांच्या अधिकाऱ्याला तिथे नेतो, वाकतो, लीद उचलतो आणि त्याच्यासकट उडतो. शहरातून आणलेल्या नटाने फूशानची दारू पाहिली आणि सांगून टाकलं, की जिवंत सुरुंगापासून चार पावलांवर आपण वाकणार नाही. मग थानची नजर फूशानवर गेली. सुरुंग त्याचा, बाप त्याचा. वाकायला त्याच्याहून बरा माणूस कुठला?

फूशान नाही म्हणाला. गावचा सचिव ज्यांग त्याला बाजूला घेऊन गेला. लढाईत गावच्या लढवय्यांच्या तुकडीचा प्रमुख हाच होता.

"नाही काय म्हणतोस? साऱ्या देशात तुझ्या बापाचं नाव होणार."

"त्याचंच भ्या वाटतंय मला," फूशान म्हणाला. "त्या दिवशी काय झालं ते तुला ठाऊक आहे, आणि मला."

"मग ते आपल्यापुरतंच ठेव. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ती मूठ एकवीस वर्षं झाकलेली होती. आत काय होतं ते सांगायलाच हवं.

फूशानचा बाप, म्हातारा लंग, खांद्यावर पाटी आणि हातात लहान फावडं घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. वाटेवर लीद दिसली की ती पाटीत. लग्नाला जाताना, प्रेताला जाताना, सारखंच. शेताचं पोट त्यावर चालायचं. सगळेच उचलत, पण म्हाताऱ्याच्या आधी कुणाचा नंबर लागत नसे.

१९४३ साल, भुईमूग काढणीचे दिवस. आदल्या संध्याकाळी फूशान आणि ज्यांगने घळीच्या वाटेत सहा सुरुंग पुरले. खूण ठरली: सुरुंगाच्या डाव्या अंगाला वीतभर अंतरावर खेचराची लीद, आणि तिच्यात उभी खोचलेली काडी. भुतं लिदीकडे ढुंकून बघणार नाहीत. गावकऱ्याने काडी दिसली की बगल द्यायची. घरोघर निरोप गेला. पोचला नाही तो एकाच माणसाला, कारण म्हातारा लंग लेकीच्या गावी गेला होता.

तो उजाडता उजाडता घळीतून परत आला. पाटी भरलेली, तोंडभर हसू.

"आज वाट प्रसन्न होती रे! ओळीनं सहा ढीग. कुणी मांडून ठेवल्यासारखे. कुणाचं खेचर होतं कुणास ठाऊक, मेलं काड्यासुद्धा खातं!"

फूशानने पाटीतली एक काडी उचलली. "बाबा, त्या खुणा होत्या. सुरुंगाच्या."

म्हाताऱ्याने पाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "कुठं कुठं होत्या ते माझ्या ध्यानात आहे. चल, परत ठेवून येतो."

तेवढ्यात गावाच्या वरच्या अंगाने गोळ्या सुटल्या. फूशान मागची भिंत ओलांडून कड्याकडे धावला, तुकडी तिथे होती. म्हाताऱ्याला धावता येईना. भुतांनी खळ्यावर एकतीस माणसं गोळा केली. तेलघाणीवाला लंगडत मागे राहिला, तर त्याच्या पोटात संगीन घालून ती फिरवली, आणि तो मरेपर्यंत बाकीच्यांना बघत उभं केलं. मग सगळ्यांना घळीत हाकललं.

पुढच्या रांगेत मू वहिनी होती, सात वर्षांच्या माइस्वेइला घेऊन. नवऱ्याला भुतांनी खाणीत काम करायला नेलं होतं, तो परत आलाच नाही. वहिनीने पोरीला सांगितलं, "काडी दिसली तर थांब. नाही दिसली तर चाल." पोर शहाणी. खाली बघत, एकेक पाऊल मोजत चालली. काडी कुठेच नव्हती. वाट मोकळी असं समजून वहिनीने तिचा हात सैल सोडला.

म्हातारा लंग शेपटाला होता. तो ओरडला, "थांबा!" लगेच बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर बसला. दात तुटून हनुवटीवर आले. आणि त्याच वेळी पुढे स्फोट झाला.

कड्यावरून फूशानने ते पाहिलं. धूर खाली बसला तेव्हा पोर जिथे होती तिथे काही नव्हतं. तिचा एक कापडी बूट बाजूच्या उतारावर, त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन पडला होता. बूट रिकामा नव्हता.

भुतांनी किंचाळणाऱ्या माणसांना दस्त्यांनी बडवून पुढे ढकललं. तेव्हा म्हातारा रक्ताने भरलेलं तोंड घेऊन माणसांतून वाट काढत पुढे आला. मू वहिनी गुडघ्यांवर बसून माती उकरत होती. तिला त्याने काखेत धरून उठवलं. "माझ्या पावलावर पाऊल ठेवा," एवढंच पुटपुटला. साठ वर्षं लीद वेचलेला माणूस, कुठला ढीग कुठे होता ते त्याला पाठ होतं. दुसऱ्याला त्याने बगल दिली, तिसऱ्याला दिली. गावकरी त्याच्यामागे एकेरी रांगेत, भुतं मात्र तिघं तिघं शेजारी. तिसरा सुरुंग त्यांच्या बुटाखाली फुटला. चौघं जागीच गेली. पाचवं आपलं आतडं दोन्ही हातांनी पोटात कोंबत बसलं होतं.

अधिकारी काय ते समजला. त्याने म्हाताऱ्याची मानगूट धरली, तलवारीने त्याचा कान उतरवला आणि विचारलं, पुढचा कुठे? म्हातारा त्याला दहा पावलं घेऊन गेला. तिथे उघडी माती होती, बाकी काही नाही. म्हातारा वाकला, लीद उचलावी तसे हात खाली घातले. अधिकारी बघायला वाकला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. म्हाताऱ्याने ती खोड मरण्यासाठीच वापरली.

कड्यावरून गोळीबार सुरू झाला, भुतं मागे फिरली. अठ्ठावीस माणसं वाचली.

फूशानने ज्यांगला तिथेच, बंदुकीची नळी गार व्हायच्या आत, सगळं सांगितलं. ज्यांग म्हणाला, "खुणा भुतांच्या हेरांनी उचलल्या. समजलं?" गावाला तेच सांगितलं गेलं, आणि हेरांच्या नजरेतून सुटलेली एक लीद म्हाताऱ्याने ओळखली, असंही. हुतात्म्यांचा दगड फूशाननेच कोरला. सर्वांत वर बापाचं नाव, तळाला माइस्वेइचं.

मग दर वसंतात, छिंगमिंगला थडगी झाडायच्या दिवशी, मू वहिनी तीन वाफाळते मांतोउ, गव्हाच्या पिठाचे उकडलेले पाव, घेऊन आधी म्हाताऱ्या लंगच्या थडग्यावर यायची, मग लेकीच्या. भर दुष्काळात, घरात रताळ्याच्या वेलाशिवाय काही नव्हतं, तेव्हाही कुठून तरी पीठ आणून तिने ते केले. मांतोउ मांडून ती हात जोडायची. आणि मग, त्याच थडग्यासमोर, मोठ्याने शाप द्यायची, "ज्या हातानं खुणा उचलल्या त्या हाताला किडे पडोत. सडून गळून पडो तो हात!" फूशान शेजारी उभा राहून ऐकायचा. तो हात सहा फूट खाली होता, जेवढा सापडला तेवढा. फूशानला सांगायचं असायचं, पण सांगितलं तर बापाचं नाव जाईल, आणि वहिनी पुन्हा या थडग्याकडे फिरकणार नाही. त्याची जीभ रेटत नसे. भित्रा नव्हता तो. एवढ्याच बाबतीत होता.

सिनेमात तो उभा राहिला ते ज्यांगने दामटून उभं केलं म्हणून. खांद्यावर पाटी, हातात फावडं. मागे एकतीस माणसं, आणि त्याच्या अगदी पाठीशी मू वहिनी, तिची स्वतःचीच जागा घेऊन. समोर वाटेवर सिनेमावाल्यांनी ठेवलेली लीद, तीत उभी काडी.

थान ओरडला. फूशान चालत गेला, लिदीपाशी थांबला. वाकलाच नाही.

"पुन्हा!"

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थानने टोपी जमिनीवर आपटली. मागून मू वहिनी हळूच म्हणाली, "वाका की भाऊजी. घाबरता कशाला? तुमच्या बाबांनी नव्हती का उचलली?"

फूशान वळला. "उचलली होती वहिनी. पण स्फोटाच्या वेळी नाही, त्याच्या आधी, पहाटे. सहाच्या सहा. त्यांना ठाऊक नव्हतं. हेर-बिर कुणी आला नव्हता. माइस्वेइला काडी दिसली नाही, कारण काडी आमच्या घरात होती, पाटीत."

ज्यांग धावत आला, "हे येडं बडबडतंय, उन्हानं!" पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. वहिनीने फूशानच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं.

तिने त्याच्या हातातलं फावडं ओढून घेतलं आणि पात्याने त्याच्या तोंडावर मारलं. गाल कानापर्यंत फाटला. आतले दात दिसायला लागले. दुसरा वार खांद्यावर बसला, हाड कडकन वाजलं. तो गुडघ्यांवर आला, पण हात वर केले नाहीत. भुतांच्या गणवेशातली पोरं तोंड वासून उभी होती. कुणी पुढे झालं नाही.

"एकवीस वर्षं!" ती ओरडत होती. "एकवीस वर्षं मी त्याला जेवू घातलं! माझ्या पोरीच्या आधी! तू उभा राहून बघत होतास!"

तिसऱ्या वारासाठी उगारलेला तिचा हात आपोआप खाली आला. ती धापा टाकत होती. मग तिने फावडं त्याच्या पुढ्यात टाकलं.

"ऊठ. उचल ती."

"वहिनी..."

"उचल म्हणते ना! बापानं उचलली, तूही उचल. सगळ्या देशाला दिसू दे."

थानने हलक्या आवाजात कॅमेरा फिरवायला सांगितला, मागच्या बाजूने. फूशान उठला. गालातलं रक्त सदऱ्यात उतरत होतं. तो चालत गेला, वाकला, मोडक्या खांद्याने लीद उचलून पाटीत टाकली आणि अंग झोकून बाजूला लोळला. सुरुंग उडाला. पेंढ्याचा अधिकारी दोन तुकडे होऊन घळीच्या भिंतीवर आदळला. मागची एकतीस माणसं ढसाढसा रडत होती, त्यांना रडायला कुणी शिकवलं नव्हतं. थान म्हणाला, असा प्रसंग त्याने जन्मात टिपला नव्हता.

पुढच्या वसंतात, छिंगमिंगच्या आदल्या संध्याकाळी, तो सिनेमा मोपानगौच्या खळ्यावर लागला. पाच गावं बघायला आली. पडद्यावर म्हातारा पाठमोरा वाकला, त्याने लीद उचलली, आणि चार गावांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मोपानगौची माणसं मांडीवर हात ठेवून बसली होती. मू वहिनी स्फोट होईपर्यंत थांबली, मग स्टूल उचलून घरी गेली.

सकाळी ज्यांग हार आणि जिल्ह्याचे पाहुणे घेऊन हुतात्म्याच्या थडग्यावर आला. फूशान आधीच तिथे होता. गालावरचा व्रण अजून लाल होता. दगडापुढे मांतोउ नव्हते. डाव्या अंगाला, वीतभर अंतरावर, खेचराची ताजी लीद होती आणि तिच्यात एक काडी उभी खोचलेली.

ज्यांग घाईने लिदीच्या आडवा उभा राहिला. "उचल ते!" तो दात आवळून म्हणाला. "पाहुणे वर यायच्या आत उचल!"

फूशानने लिदीला बगल दिली, पलीकडून जाऊन मेलेल्यांच्या नावाने जाळायचा कागद बापापुढे पेटवला.

"असू दे," तो म्हणाला. "खूण आहे ती."