बंबात गेलेलं यान

त्या दिवशी सकाळी घरात चौघं हुतो. खाटंवर माझं दीर, ज्यास्नी मी जलमभर भावजी म्हटलं. उशाला खुर्चीत त्यांच्याच कामातलं दोस्त रहिमान मिस्त्री. दारात शेंगा फोडत बसलेली माझी थोरली लेक सुनंदा. आन् खाटंच्या पायाशी मी. पाचवं कुणी न्हवतं. त्यानंतर चौथ्या दिवशी भावजी गेलं. आता महिना झाला. मी सांगायचं आन् सुनंदानं लिवायचं असं ठरलंय, कारण माझी शाळा दुसरीतच सुटली.

भावजी पॅटर्नवालं. लोखंड ओतायच्या आधी लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो, तो ते करायचं. आमच्या गडमुडशिंगी गावातनं उद्यमनगरच्या कारखान्यात चाळीस वर्सं सायकल मारली. माझं मालक गेलं तवा धाकटी अंगावर पीत हुती. भावकी म्हणाली, हिला म्हायारी धाडा. भावजींचं तवा वय ते काय... पर म्हणालं, "वैनी, तुमी भाकरीचं बघा, पोरींच्या शाळंचं मी बघतो." मी लोकांच्या रानात भांगललं, ऊस तोडला, उपाशी बी झोपलो आम्ही, पर दोन्ही पोरी शिकल्या. त्यात त्यांचं लगीन राहून गेलं ते गेलंच. सोतासाठी त्यांनी कधी कायबी मागितलं न्हाई.

काम सुटल्यावर मातर एक नाद लागला. अमेरिका परत चंद्रावर माणसं उतरवणार, आन् त्यासाठी दोन कंपन्या दोन तऱ्हेची यानं करत्यात, हे पेपरात वाचलं आन् त्यांनी दोन्हींचं सागवानी नमुनं केलं, एकाच मापानं. एक उंच, शेवग्याच्या शेंगंवाणी. दुसरं ठेंगणं, चार पायाचं. दर रविवारी ती दोन्ही मधी ठिवून दोघं म्हातारं भांडायचं. रहिमान मिस्त्री उंचाच्या बाजूचं. "दर कमी, आन् माल किती मावतोय बघ की!" भावजी म्हणायचं, "पंधरा मजली हाय रं ते. दार वर, माणूस उतरणार लिफ्टनं. लिफ्ट अडकली तर काय करशील? हाक मारशील?" "आन् तुझ्या ठेंगण्याला वाटंत इंधनाचा टँकर लागत न्हाई व्हय?" "लागतोय. पर दार जमिनीजवळ हाय, चार पायऱ्यांत माणूस खाली." मग खर्चावर यायचं. पयल्यांदा माणूस चंद्रावर गेला तवा जेवढा खर्च हुईल तेवढा सरकारनं दिलता म्हणं. आता ठरल्या दरात काम, वाढला तर कंपनीनं सोसायचा. मग सरकारनं दोघांस्नी कशाला काम दिलं, असं मी एकदा इचारलं. भावजी म्हणालं, "वैनी, एकाच्याच भरवशावर ऱ्हायलं आन् त्याचं कास्टिंग फुटलं तर कारखाना बंद पडतोय. दुसरा माणूस धरून ठेवाय लागतोय." आन् हसलं. "ओतलेलं लोखंड थंड हुताना आकसतंय म्हणून आमची मापायची पट्टी मुळातच लांब असती. ह्यांचा खर्च फुगतोय, त्याची पट्टी अजून कुणी केली न्हाई."

आमच्यात रद्दी झालेलं पॅटर्न बंबात जातंय. चाळीस वर्सं आमचं अंघोळीचं पाणी पंपाच्या, व्हॉल्व्हच्या नमुन्यांवर तापलं. एका सकाळी बंबाजवळच्या ढिगातलं पायाचं एक मी रद्दी समजून उचललं आन् सारलं आत. नमुनं धूळ झाडायला त्यांनीच तिथं ठेवलं हुतं, हे मला मागनं कळलं... रविवारी भावजी ठेंगणं हुडकाय लागलं. खाटंखाली, गोठ्यात, गुडघ्यावर बसून. "वैनी, तुमी बघितलं?" मी म्हटलं, "शेजारच्या पोरांनी न्हेलं आसंल." आन् माझं हात भाकरी थापतच राहिलं.

मग छातीच्या दुखण्यानं त्यांनी खाट धरली. ज्यानं माझ्या पोरी वाढवल्या, त्यानं सोतासाठी दोनच वस्तू केल्या, त्यातली एक मी जाळली, वर खोटं बोलले. हे असंच घिऊन माणूस गेला तर? अन्न गोड लागंना. त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं, "भावजी, तुमचं यान मी बंबात घातलं."

मग भावजी म्हणालं, "म्हाईत हाय."

"कसं?"

"राख काढताना पायाच्या पितळी टाचण्या गावल्या."

"मग बोलला का न्हाईसा?"

"तुमी सांगशीला म्हणून थांबलो. लई येळ लावलासा, वैनी."

रहिमान मिस्त्री पुढं वाकलं. "म्हंजी माझं जितलं!"

"जळालं म्हंजी हरलं न्हाई रं."

"ते ऱ्हाऊ दे. पाणी कसं तापलं ते सांगा वैनी."

भावजी हसलं, खोकलं, परत हसलं. सुनंदाच्या मांडीवरच्या शेंगा सांडल्या. मी किती वर्सांनी अशी हसले, ठावं न्हाई. पुढचं चार दिवस त्यांनी माझ्या हातची पेज घोट घोट घेतली आन् झोपंतच गेलं. रडू आलं, न्हाई कशाला म्हणू? पर उरावर धोंडा न्हवता.

रहिमान मिस्त्री अजून रविवारी येत्यात. च्या पित्यात, उंच यानाकडं बघत्यात आन् म्हणत्यात, "एकट्यासंगं काय भांडू, वैनी?" ठेंगणं त्यांनीच करावं तर त्यांचं हात आता कापत्यात, आन् नवी पोरं समदं कॉम्प्युटरवर करत्यात.

म्हणून जो कोण हे वाचंल त्याला एक सांगणं. हातानं लाकूड कोरणारं कुणी उरलं आसंल, तर आमच्याकडं या. भावजींच्या वहीत समदी मापं हाईत, सागवानाचा तुकडा बी मी ठेवलाय. तेवढं ठेंगणं परत करून द्या. रविवारच्या आत जमलं तर बरं. मिस्त्रींचं बी वय झालंय.