सिंगापूर येईपर्यंत इंग्लिश

इंजिनाखाली तेलपाणी आपोआप साचत जाते. कोणी ओतत नाई, तरी दोन दिवसानं पाहा, आहेच. जहाजावरचे किस्से तसेच साचले माह्याजवळ. मी ते सांगतो अन लोक टपरीवर पोट धरून हासतात. मले तवा हासू येत नव्हतं. तवा माह्या डोस्क्याचा पार भुगा झालता.

मी गोंडपिपरीकडचा माणूस. शिक्षण आठवी, त्याच्यावर वेल्डरचं आयटीआय. बल्लारपूरले एका ठेकेदाराकडे वेल्डिंग करत होतो. एक दिवस त्यानं सगळ्या गँगसमोर मले ढोर म्हणलं. मी हातातला होल्डर त्याच्या पायापाशी फेकला अन सांगून आलो, "तुह्या दारात पुन्हा दिसलो तं माहं नाव बदलून ठेवजो."

आता असं बोलून आलेल्या माणसाले परत जाता येते का?

आमच्याकडे सलीमभाईचं हार्डवेअरचं दुकान. त्यांचा साळा मुंबईले जहाजावर माणसं भरणाऱ्या ऑफिसात होता. त्यानं मले नेलं. तिथी माहं वेल्डिंग पाह्यलं, जोडलेला पाइप उभा कापून पाह्यला, खूश झाले. इंग्लिश येते का, हे कोणी विचारलंच नाई. ते विचारायचं काम त्यायनं जहाजावरच्या लोकायसाठी ठेवलं होतं, हे मले मंग समजलं.

कांडल्याले जहाजावर चढलो. फिटर म्हणून. इंजिनरूमचा मोठा साहेब, म्हणजे चीफ, तो पोलंडचा. पांढऱ्या मिशा, खाली पाहून बोलणार, अन बोललेलं मिशातच राहणार. त्याच्या खालचा सेकंड इंजिनियर जोसेफ, केरळचा. अन माह्यासोबत काम करणारा ऑइलर डॅनी, फिलिपिन्सचा. चौघायच्या चार भाषा. कंपनीचा हुकूम, खाली सगळ्यायनं इंग्लिशच बोलायचं.

पह्यल्याच दिवशी चीफनं मले उभं केलं अन म्हणे, "सिंगापूर, टेस्ट. नो इंग्लिश, गो होम."

इतकं साफ इंग्लिश तो त्याच्यानंतर कधीच बोलला नाई.

*

जहाजावर एक रीत आहे. कोणी ऑर्डर दिली का आपण ती जशीच्या तशी परत म्हणायची. म्हणजे देणाऱ्याले समजते का घेणाऱ्यानं बरोबर ऐकलं. मशीनच्या आवाजात चुकीचा व्हॉल्व्ह उघडला तं माणूस भाजून निघते, म्हणून.

रीत चांगली आहे. पण मले कोणी सांगितली नव्हती. आमच्याकडे बाप म्हणते, "बैल सोड," अन पोट्ट्यानं बापाच्या तोंडावर म्हणलं, "बैल सोड," तं पह्यले पोट्ट्याचा गाल लाल होते, मंग बैल सुटते. मोठ्याचं बोलणं परत म्हणणं म्हणजे त्याले वेडावणं.

जोसेफ म्हणे, "ओपन ड्रेन व्हॉल्व्ह."

मी चाललो उघडाले. त्यानं मागून हाक मारली, "रिपीट."

मले वाटलं, हा मले बहिरा समजून राह्यला, अन वरून त्यालेच वेडावाले लावून राह्यला. मी म्हणलो, "आय हिअर. आय नॉट डेफ."

"रिपीट!"

"आय नॉट डेफ!"

चारदा झालं. व्हॉल्व्ह तिथंच, आमी दोघं इथंच. शेवटी माहं डोस्कं फिरलं. म्हणलं, घे मंग. कमरेवर हात ठेवला, मान त्याच्यासारखी वाकडी केली, नाकातून आवाज काढला, बोट नाचवलं अन म्हणलो, "ओपन ड्रेन व्हॉल्व्ह!"

डॅनी तेलाच्या कॅनमागं तोंड लपवून हासून राह्यला होता. जोसेफचे कान लाल. म्हणे, "नॉट लाइक धिस."

"मंग कसं? तुमी जसं दिलं तसंच वापस केलं ना."

दुसऱ्या दिवशीपासून जोसेफ मले ऑर्डर देताना हात खिशात ठेवू लागला.

*

दुसरं लचांड फोनचं.

आपल्याकडे मोठा माणूस बोलून राह्यला, तं आपण हाव हाव करत राहतो. हाव म्हणजे मान्य आहे, असं काई नाई. हाव म्हणजे मी इथीच आहो, झोपलो नाई, बोला तुमी. हाव नाई केलं तं बोलणारा थांबते अन विचारते, "काऊन बे, ऐकून राह्यला का नाई?"

चीफनं वरच्या कंट्रोल रूममधून मले फोन केला. मी तळाले पंपापाशी. तो मिशातून बोलून राह्यला, मी आपलं आदरानं, "येस… येस… येस…"

त्यात त्यानं मधेच विचारलं, पंप गळून राह्यला का. मी म्हणलो, येस. लय गळते का. येस. पाणी वर चढून राह्यलं का. येस. तू ठीक आहे का. त्यालेही येस म्हणलो, पण तवापर्यंत त्यानं फोन फेकला होता.

तीन मजल्याच्या लोखंडी शिड्या उतरून म्हातारा खाली आला. घामानं ओला. पंप कोरडा ठणठणीत. मी त्याच्या बाजूले बसून बोल्टले ग्रीस लावून राह्यलो होतो.

त्यानं पंपाकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं अन म्हणे, "फ्रॉम टुडे, वन येस. ओन्ली लास्ट."

ठीक आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मी रिसिव्हर कानाले लावून गप. तो दोन वाक्यं बोलला अन थांबला. "हॅलो?" मी गप, बोलणं संपलं कुठी अजून. "हॅलो? फिटर? हॅलो!" मी गप.

पुन्हा शिड्या वाजल्या.

या वेळेस त्यानं पंपाकडे पाह्यलंच नाई. शिडीचा दांडा धरून, दम टाकत एकच शब्द म्हणे, "सिंगापूर."

*

डॅनी पोरगा सोन्यासारखा, पण त्याची अन माही पह्यल्या महिन्यात हातापायी व्हायची राह्यली होती.

एक जड झाकण चेन-ब्लॉकनं उचलायचं होतं. एका बाजूची चेन त्याच्याकडे, एका बाजूची माह्याकडे. दोघायनं एकदमच ओढा लागते, नाई तं झाकण तिरपं होऊन कोणाच्या तरी बोटावर येते. मशीनचा आवाज इतका का स्वतःचं बोलणं स्वतःले ऐकू येत नाई.

मी मोठ्यानं विचारलं, "रेडी?"

त्यानं दोन्ही भुवया वर केल्या. फक्त भुवया. मले वाटलं, हा मलेच विचारून राह्यला, काय कटकट आहे तुही? मी थांबलो.

मंग त्यानं विचारलं, "रेडी?"

मी मान हालवली. आपण हालवतो तशी, इकडून तिकडे. तो थांबला.

मी विचारलं. भुवया. त्यानं विचारलं. मान. त्याच्या भुवया अजून वर गेल्या, मी मान अजून जोरानं हालवली. मले राग येऊन राह्यला, त्यालेही येऊन राह्यला. जोसेफ चहा पिऊन आला तरी झाकण जाग्यावर.

"व्हॉट हॅपन?"

डॅनी म्हणे, "सर, ही नॉट रेडी."

मी म्हणलो, "सर, ही नॉट रेडी."

जोसेफनं दोघायलेही जेवणाच्या खोलीत समोरासमोर बसवलं. त्यायच्या देशात भुवया वर करणं म्हणजे हो. अन आपली मान त्यायले नाई वाटते. म्हणजे दोघंही पह्यल्यापासून हो-हो म्हणून राह्यले होते, अन दोघायच्याही डोळ्यात खून.

चीफले समजलं, तं तो म्हणे, या दोघायले इंग्लिशची टेस्ट नोको, डॉक्टरची टेस्ट पायजे. माही मात्र सिंगापूरची कायमच ठेवली.

*

आखातातल्या एका बंदरात मुंबईच्या ऑफिसातला साहेब जहाज तपासाले आला. नाव ऐकलं अन मले आनंदाची उकळी फुटली. मराठी माणूस, पुण्याकडचा. म्हणलं, चला, दोन घटका जिभेले आराम. अन जमलं तं सिंगापूरचंही याच्या कानावर टाकू, का बाबा, काम पाय माहं, बोलणं काय पायतं.

मी समोर जाऊन हात जोडले. "नमस्कार साहेब. मी चंद्रपूरकडचा."

त्यानं माह्याकडे असं पाह्यलं जसं मी त्याच्या खिशात हात घातला. "इंग्लिश, प्लीज. इंजिनरूममध्ये ओन्ली इंग्लिश. सेफ्टी."

मी म्हणलो, "साहेब, एकच गोष्ट सांगायची होती."

"इन इंग्लिश."

ते इंग्लिशमधे सांगता आलं असतं तं सांगायची गरजच काय होती?

गप त्याच्या मागं टॉर्च धरून फिरलो. हे दाखव, ते दाखव. बॉयलरच्या मागं एक पाइप खाली आलेला आहे, आमी सगळे तिथी वाकतो. सायबानं पांढरं हेल्मेट काढून काखेत धरलं होतं, घाम येते म्हणून. टाळक्यावर असा आवाज आला, जसा पाण्याच्या पितळी गुंडावर वरवंटा.

"आई आई गं! मेलो!"

मी टॉर्च त्याच्या तोंडावर धरला. म्हणलो, "सर. इंग्लिश, प्लीज. सेफ्टी."

सिंगापूरचं काई त्याच्या कानावर टाकलं नाई. टाकून उपयोगही नव्हता.

*

त्याच बंदरातून घरी फोन लावला. आमच्या घरी कुठला फोन, सलीमभाईच्या दुकानात. आदल्या वेळेस सांगून ठेवलं होतं, तं आमची घरची, सुमन, येऊन बसली होती. अन तिच्यासोबत अर्धी आळी.

सलीमभाईनं फोन उचलला. म्हणे, "नामदेवभाऊ, पह्यले जरा दोन लाइन इंग्लिश ऐकवा ना. सगळे जमले आहेत. मी फोन असा बाहेर धरतो."

"सलीमभाई, सुमनले द्या."

"देतो, देतो. पण लोक थांबून राह्यले ना, भाऊ."

माह्या मागं बूथवर रांग. बोलू काय? मले जे येत होतं ते रोज आठ घंटे कानावर पडणारं. तेच सुरू केलं, अन ते ज्या आवाजात बोलतात त्याच आवाजात.

"स्टॉप पंप! स्टॉप, स्टॉप! नॉट धिस, दॅट! हू टेक माय स्पॅनर? यू क्रेझी? क्लोज, क्लोज!"

तिकडे कोणी टाळी वाजवली नाई. मंग फोनवर सुमनचा आवाज आला, एकदम बारीक.

"कोणासोबत भांडून राह्यले जी तुमी? तिथीही सुरू झाले का? आता इथलं दार तं बंद करून गेले, तिथलंही बंद झालं तं जाऊ कुठी आपण?"

काई नाई ग, म्हणलं, इंग्लिश बोलून राह्यलो.

"मंग नोका बोलू," म्हणे.

*

आता सिंगापूरचं.

बंदर दोन दिवसावर आलं अन चीफनं टेस्ट काय ते सांगितलं. तेल साफ करायची एक खोली असते, प्युरिफायर रूम. तिथून कंट्रोल रूमले फोन लावायचा अन आग लागली अशी वर्दी द्यायची. कुठी लागली, काय जळून राह्यलं, आत माणूस आहे का, अन तू काय करून राह्यला. चार वाक्यं. बस.

जोसेफ मनानं वाईट नव्हता. त्यानं माह्याकडून चारही वाक्यं पाठ करून घेतली. मी वेल्डिंग करताना म्हणो, जेवताना म्हणो, आंघोळ करतानाही म्हणो. डॅनी तं झोपेत बडबडाले लागला, "फायर, फायर."

टेस्टच्या दिवशी दुपारी चीफ कंट्रोल रूममधे खुर्चीवर बसला. जोसेफ बाजूले, डॅनी चहा घेऊन दारात. चीफनं मले खाली पाठवलं. मी मनात वाक्यं घोकत गेलो, प्युरिफायर रूमचं दार उघडलं.

आत आग.

खोटी नाई. एका पाइपाचा जोड सुटला होता अन गरम तेल हीटरवर पडून भडकलं होतं. अलार्मचं बटन धुराच्या पलीकडे. फोन माह्या हातापाशी. मी फोन उचलला. अन खरं सांगतो, त्या दिवशी जीभ अशी चालली जशी कधीच चालली नव्हती.

"फायर इन प्युरिफायर रूम! ऑइल इज बर्निंग! नो मॅन इनसाइड! आय टेक एक्स्टिंग्विशर!"

तिकडून चीफचा आवाज आला. मिशातून नाई, एकदम साफ. "व्हेरी गुड, फिटर. पास."

मी म्हणलो, "सर, रिअल फायर!"

"येस, येस. व्हेरी रिअल. व्हेरी गुड."

"सर, प्लीज कम! बिग फायर!"

मागून डॅनीच्या टाळ्या ऐकू आल्या. इकडे छतापाशी काळा धूर लोळून राह्यला होता. माहं डोस्कं सटकलं.

"अबे टाळ्या कायले वाजवून राह्यले बे तिथी? कान फुटले का तुमचे? इथी तेल जळून राह्यलं, अन मले पास करून राह्यले? चुलीत घाल तुहा पास! फोम घेऊन खाली या सगळे, नाई तं सिंगापूर काय, कोणतंच गाव दिसत नाई तुमाले!"

फोन तसाच सोडला अन आग विझवायचं एक्स्टिंग्विशर उचललं. ते रिकामं व्हायच्या आतच अलार्म वाजला, तेलाचा पंप बंद झाला, अन धुरातून सगळ्यायच्या पुढं चीफ, छातीशी फोमचा डबा धरून. आग विझली. कोणाले काई झालं नाई. पास कोणी वापस घेतला नाई, मी त्या कंपनीत पुढं कित्येक वर्ष टिकलो.

फोन सोडल्यावर वर काय झालं, ते मले डॅनीनं सांगितलं. जोसेफनं अलार्म दाबला, तं जहाज चालवतात त्या वरच्या ब्रिजवरून कॅप्टनचा फोन आला. फिटरची टेस्ट आहे, हे त्यालेही माहीत होतं. तो म्हणे, "धिस इज ड्रिल?"

जोसेफ म्हणे, "नो, सर. रिअल फायर. फिटर स्टॉप्ड इंग्लिश."