मणक्यालगतची गोळी

"अंगात कुठे धातू आहे का? प्लेट, स्क्रू, छर्रा, काहीही?" मी विचारलं. तुर्गुत बेंनी ते तुर्कीत सांगितलं. हसन बेंनी मान हलवली. नाही.

बे म्हणजे आपल्याकडचं 'राव'. मी दोहातल्या एका हॉस्पिटलात एमआरआय टेक्निशियन होतो. फुटबॉल वर्ल्ड कपची स्टेडियमं उभी राहत होती, साइटवरचे कंबरदुखीवाले रोजचेच. हसन बे अल थुमामा स्टेडियमच्या साइटवरचे सर्व्हेअर, साठीचे. तुर्गुत बे त्यांच्याच वयाचे, त्यांचे प्रोजेक्ट मॅनेजर. इंग्रजी येतं म्हणून सोबत आलेले.

एमआरआय म्हणजे प्रचंड लोहचुंबक. अंगात लोखंड असलं तर ते आतल्या आत सरकू शकतं. मणक्याजवळ असलं तर माणूस जन्माचा पांगळा.

गाऊन घातल्यावर हसन बेंच्या पाठीवर जुना गोल व्रण दिसला. लहानपणी खिळ्यावर पडलो, असं उत्तर आलं. मला पटेना. रेडिऑलॉजिस्टना विचारून आधी एक्स-रे काढला. मणक्याला खेटून गोळी! मी मोठ्या हुशारीनं दोघांनाही मॉनिटरपाशी बोलावलं.

"हे काय आहे?"

हसन बे पहिल्यांदाच मोडक्या इंग्रजीत बोलले. "कॉलेजचं दार. लांडगेवाली पोरं."

त्यांच्या तरुणपणी तुर्कस्तानात कडवे राष्ट्रवादी तरुण आणि डावे विद्यार्थी एकमेकांना गोळ्या घालत होते. लांडगा ही त्या राष्ट्रवादी पोरांची खूण. तुर्गुत बे त्यांच्यातलेच, आणि जेवणाच्या सुट्टीत ते अभिमानानं सांगायचे. हसन बे सहा वर्षं मुकाट ऐकत होते, कारण व्हिसा कंपनीचा, साहेबाशी बिनसलं की नोकरीही गेली आणि देशही. हे सगळं मला नंतर कळलं.

तुर्गुत बेंचा चेहरा उतरला. "कुठलं शहर?"

हसन बेंनी सांगितलं.

"मी तिथे नव्हतो."

"मी विचारलं नाही."

दोघं तुर्की सोडून माझ्यासमोर इंग्रजीत बोलत होते. का, ते मला आजही कळलेलं नाही.

एमआरआय रद्द करून सीटी स्कॅन केला. रेडिऑलॉजिस्टनी शाबासकी दिली. मीही खूश.

महिन्याभरानं हसन बे फिल्म न्यायला एकटेच आले. नोकरी सोडून गावी चालले होते.

"तुर्गुत बेंनी कामावरून काढलं का?"

"नाही. फार चांगला वागतो. रोज चहा, रोज सॉरी. त्याला माहीत नव्हतं तोवर मी काम करू शकत होतो. आता तो माझ्या पाठीकडे बघतो."

स्कॅन थांबवला ते बरोबरच होतं, पण त्यांचं गुपित त्यांच्या साहेबासमोर मांडलं मी. त्याची लाज अजून वाटते.

तेव्हापासून फॉर्म भरताना सोबतच्या माणसाला बाहेर बसवतो. साहेब असला तर आधी त्याला.