साचेखात्यातली भाषा

काल व्हिडिओ कॉलवर लेकीचा आवाज गेला, तरी तिचं बोलणं मला ओठांवरून नीट कळलं. ही विद्या बाबांची.

घाटकोपरच्या मिल कॉलनीत राहायचो आम्ही. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. तिथल्या जुन्या स्कॉटिश मागांच्या खडखडाटात कामगार नुसते ओठ हलवून बोलायचे. स्कॉटलंडच्या गिरणीगावांतही म्हणे लोक असंच बोलायचे. आम्ही पोरंही ते शिकलो होतो.

नववीत असताना एकदा, मागे उभ्या आईला कळू नये म्हणून, समोरच्या गॅलरीतल्या सुमीला मी तसंच सांगितलं, "उद्या शाळेला दांडी. गोरेगावला शूटिंग बघू."

खाली चौकात पाळीवरून आलेले बाबा चहा पीत होते, ते मी विसरलेच! ते वरच बघत होते. त्यांचे ओठ हलले, "उद्या माझी सुट्टी. मी पण येतो. आईला सांगू नको."

मागून खाली डोकावत आई ओरडली, "अहो, डबे किती भरू, दोन की तीन?"

मी खो खो हसले. बाबांचा चेहरा का उतरला, ते आता कळतं. वीस वर्षं तिच्या स्वयंपाकाबद्दल ते तिच्यासमोरच दोस्तांशी याच भाषेत बोलत आले होते.