आडोसा नसलेलं रान

दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहा, लघवी दाबून ठेवू नका, पुढून मागं धुवा. पालम तालुक्यातल्या आमच्या गावात आशाताई म्हणून मी हे इतक्या वेळा सांगितलंय, की बाया माझ्या आधीच वाक्य पुरं करतात आणि हसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कपभर चहावर कापूस वेचायला जातात, आणि दिवस मावळेपर्यंत पाण्याला तोंड लावत नाहीत.

माझी धाकटी जाऊही त्यातलीच. गेल्या हिवाळ्यात मी रोज तिची पाण्याची बाटली भरून द्यायचे. संध्याकाळी ती भरलेलीच परत यायची. मी चिडायचे.

"एवढं वझं नेतीस कशाला मग?"

"उद्या पिते, बाई," म्हणत ती पाणी परसातल्या लिंबाच्या बुडाला ओतायची.

एका संध्याकाळी भाकरी थापता थापता तिला हुडहुडी भरली. कपाळाला हात लावला, तर चटका बसला. कंबरेच्या वर, एका बाजूला दुखतंय म्हणाली. मी खोदून विचारलं तेव्हा कुठं तोंड उघडलं.

"आठ दिस झाले. लघवीला गेलं की लय आग व्हायलीय. उन्हाळी लागली आसंल म्हणून धने भिजवून त्येचं पाणी पेले."

"आठ दिवस! मी गावभर दारोदार विचारत हिंडते, आणि तू एका चुलीवर राहून सांगत न्हाईस?"

"तुमी वरडल्या असत्या."

आणि मी ओरडतच होते.

सकाळच्या पहिल्या एसटीनं तिला घेऊन दवाखान्यात गेले. लघवी तपासली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतुसंसर्ग वर किडनीकडं सरकलाय. आता तरी वेळेत आलात. गोळ्या पूर्ण संपवायच्या, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. पाणी का पीत नाही तुम्ही?"

जाऊनं गोळ्यांची पुडी पदरात बांधली आणि उठली. बाहेर आल्यावर, एसटीची वाट बघताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाणी पेलं की जावं लागतंय. जाऊ कुठं? तूर उभी होती तवर तुरीत जायचोत. आता तूर कापली. एका अंगाला रस्ता, एका अंगाला हिरीवर गडीमाणसं. तुमी म्हणता पाणी पी. कुठं जावं, ते न्हाई सांगत."

इतकी वर्षं मी बायांना काय करायचं ते सांगत आले होते. का करत नाहीत, हे एकदाही धड विचारलं नव्हतं. संताप आला तो पहिल्यांदा स्वतःचाच.

दुसऱ्या दिवशी शेतमालकाच्या घरी गेले. माणूस वाईट नाही. मी स्पष्ट बोलले तसा तो बिचारा जमिनीकडे बघायला लागला. "ताई, आमच्या ध्यानातच न्हाई आलं," म्हणाला, आणि शेताच्या कडेला, धुऱ्यावर, चार बांबू रोवून जुनी ताडपत्री बांधून दिली. तीन दिवसांनी ताप उतरल्यावर जाऊ पुन्हा कामाला गेली. मी नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. पण आता बाटली रिकामी यायची. मला वाटलं, सुटला प्रश्न.

मग आभाळ भरून आलं. वेचलेला कापूस झाकायला मालकानं ताडपत्री सोडून नेली. आभाळ गेलं, ताडपत्री काही परत आली नाही. विचारलं की म्हणायचा, "उद्या लावतो की, ताई." तीन दिवस ते ऐकलं. चौथ्या दिवशी घरातल्या दोन जुन्या चादरी टाके घालून जोडल्या आणि स्वतः जाऊन बांबूंना बांधल्या. एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून बघत होती. "आता छप्पर बी टाक, बाई," म्हणाली. सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. कापसाच्या ढिगाला न मागता मिळतं ते बायांना मागूनही मिळत नाही, एवढंच डोक्यात घोळत होतं.

जाऊ बरी झाली. गोळ्या संपल्यावर पुन्हा तपासलं, लघवी साफ निघाली. पण यंदा वेचणी दुसऱ्याच्या रानात आहे. तिथं तूर पेरलीच नाही. आडोशासाठी तिथल्या मालकाला दोनदा भेटले. तो म्हणतो, "आजपातूर कुणाची तक्रार न्हाई आली." तक्रार करणार कोण? कामाला येऊ नको म्हणाला, तर?

तोवर जाऊ आणि तिची एक जोडीदारीण एकमेकींपुढं लुगडं धरून उभ्या राहतात. येणारी-जाणारी फटफटी थांबून बघते, असं जाऊ सांगत होती. उद्या त्या मालकाकडे तिसऱ्यांदा जायचंय. या खेपेला मी एकटी जाणार नाही, चार जणींना तयार केलंय. त्यातल्या दोघी आत्ताच मागं सरायल्यात.